आईचं लिव्हर बसवल्यावर बाबांना कावीळ 'ब' कशी झाली?

दारव्ह्याहून विचारलंय: बाबांना आधी कावीळ 'ब' (हिपॅटायटिस बी) नव्हती, आईचाही रिपोर्ट निगेटिव्ह, मग दोन वर्षांनी ही कुठून आली? बहुतेकदा दात्याच्या लिव्हरमधूनच. आईंचं एचबीएसएजी (आत्ता विषाणू आहे का, ते सांगणारी रक्तचाचणी) निगेटिव्ह असेल, पण अँटी-एचबीसी (विषाणूशी पूर्वी गाठ पडली होती का, ते सांगणारी चाचणी) पाहिलं होतं का? ते पॉझिटिव्ह असेल तर विषाणू कधीकाळी येऊन गेलेला असतो आणि त्याचा डीएनए लिव्हरच्या पेशींत राखेखालच्या निखाऱ्यासारखा दडलेला राहू शकतो. नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की तो पेटतो. म्हणून असं लिव्हर घेतलेल्यांना एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी बहुधा कायम देतात. (पेरणीच्या धांदलीत तपासणीची नागपूरची फेरी हुकते, गोळ्या संपतात, तिथंच घात होतो.) आता बाबांचं एचबीव्ही डीएनए (रक्तात हा विषाणू किती आहे, ते) तपासा, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. टॅक्रोलिमस मात्र मनानं बंद करू नका.