हॅरी पॉटर मुलांना कुठल्या वयात द्यावं, आणि आपण मोठ्यांनी त्यात इतकं गुंतणं बरं का?

तुमचा मुलगा आठ वर्षांचा, तुम्हाला स्वतःला ही पुस्तकं जवळपास पाठ, आणि घरचे म्हणतात पोराला एवढ्यात देऊ नका आणि तुम्हीपण आता बास करा, असं तुम्ही लिहिलंय. वयाचं नंतर सांगते. आधी ते 'बास करा' घेते कारण ते मी कित्येक वर्षं ऐकतेय.

माझा मोठा भाऊ. जुलै २००७ मध्ये सातवं पुस्तक आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते, पहिल्या काही पगारांतनंच घेतलं, आणि तेव्हापासून दादाचं एकच, अगं शाळेतल्या पोरांची पुस्तकं ती, तुझं वय काय. गणपतीत सगळे जमले की हमखास विषय निघणार. ब्रिटनमध्ये १९९८ सालीच प्रकाशकानं पहिल्या पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळ्या कव्हरची आवृत्ती काढली होती, आतला मजकूर तोच, म्हणजे मोठी माणसं वाचत होती हे प्रकाशकाला कधीच कळलं होतं. हे त्याला सांगून झालं. त्याचं म्हणणं, मग तिकडच्यांनाही कळत नाही.

मुलीला मी ही पुस्तकं रात्री मोठ्यानं वाचून दाखवली, वाचायचं इंग्रजी आणि मध्येमध्ये समजावायचं मराठीत. पाचव्यात सेंट मंगोज हॉस्पिटलचा प्रसंग आहे, नाताळातला. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचे आईवडील तिथल्या बंद वॉर्डात आहेत, छळामुळे मनानं पार गेलेले, पोटचा पोरगा ओळखत नाहीत. आई चालत येते आणि त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते टाकून दे. आणि तो, कोणी बघत नाही असं समजून, खिशात घालतो. संपलं, एवढंच. मला पुढचं वाचता येईना, मुलीनं पुस्तक हातातनं घेतलं आणि स्वतः वाचलं.

कारण तेव्हा माझी आई आमच्याकडे कोथरूडला होती. स्मृतिभ्रंश. मला 'तुम्ही कुणाकडच्या' असं विचारायची. पण जन्मभर रोज दुपारी वाती वळलेल्या, हातांना ते येत होतं. कापूस नसला की पेपरची कड फाडून तळहातावर त्याचीच वात वळायची, अगदी टोकं नीट जुळवून, आणि शेजारी जो बसला असेल त्याच्या हातात द्यायची. दिवसभर घरात ते कागद.

एका रविवारी दादा आला होता. आईनं मुलीच्या हातात तसली एक वात दिली तर हा म्हणाला टाक गं तो कचरा, सगळीकडे घाण झालीये. मुलगी म्हणाली, मामा, आजीनं मला दिलीये, आणि फ्रॉकच्या खिशात घातली. रात्री मी तिला विचारलं तर म्हणाली नेव्हिल कुठे टाकतो. तिला आजी कशी सांभाळायची हे आम्ही कोणी शिकवलं नव्हतं, आम्हालाच येत नव्हतं तर काय शिकवणार. दादा, वाचत असशील तर हे तुझ्यासाठी, तू ज्याला पोरकट म्हणत होतास त्यातनं तिला जे कळलं ते तुला त्या दिवशी कळलं नाही.

आणि मोठेपणी ही पुस्तकं बदलतात. कॉलेजात असताना मॉली वीझली, हॅरीच्या मित्राची आई, म्हणजे सारखी ओरडणारी बाई वाटायची. आता त्याच पुस्तकात तिच्यासमोर बोगार्ट येतो, ज्याला ज्याची भीती त्याचं रूप घेणारा, आणि एकेक करून नवरा, मुलं, हॅरी असे सगळे मेलेले दिसतात, ते वाचताना मी मॉलीच असते. यात लाज कसली.

दादाचं दुसरं म्हणणं, आपल्याकडे महाभारत असताना हे कशाला. महाभारत मी पण सांगते. पण चार वर्षांच्या पोराला अभिमन्यू चक्रव्यूहात कसा मारला ते सांगताना वय कोणी काढत नाही, आणि इथे मात्र मृत्यू येतो म्हणून पोरं बिघडणार.

आता तुमच्या मुलाचं. आठव्या वर्षी पहिली दोन खुशाल द्या, पण बरोबर बसून वाचा. इंग्रजी जड जात असेल तर पहिल्याचा बाळ ऊर्ध्वरेषेंनी केलेला अनुवाद आहे, 'हॅरी पॉटर आणि परीस', अप्पा बळवंत चौकात विचारा. हां, चौथ्याच्या शेवटी सेड्रिक, हॅरीच्याच शाळेतला मुलगा, मरतो आणि तिथून पुढे अंधारच वाढत जातो, तेव्हा तिथे दहा-अकराचा होईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही, माझी वयाच्या मानानं शांत होती म्हणून मी लवकर वाचलं, सगळी तशी नसतात. रात्री दचकून उठत असेल तर तिसऱ्यातले डिमेंटर, माणसाचा सगळा आनंद शोषून घेणारे ते भयानक जीव, दिवसा वाचा. सिनेमे मात्र पुस्तकं झाल्यावरच, तो हॉस्पिटलचा प्रसंग सिनेमात घेतलेलाच नाही.