वाचकांचे प्रश्न : नारळीकरांचा गणपती उलटा का होत नाही?

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न घेतले आहेत.

सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांना नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही विज्ञानकथा वाचून दाखवणार आहोत. सोबत कागदाची मोबियस पट्टी (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी) करून बघितली, पण चित्राची सोंड काही बदलत नाही. काय चुकतं? (दादर)

कागद चुकतो. कागदाच्या आरपार दिसत नाही, म्हणून फेरी मारून पाठीमागे पोचलेलं चित्र मुलं हाताने उलटून पुढे आणतात आणि केलेलं सगळं तिथेच पुसलं जातं. स्टेशनरीच्या दुकानातून ए-फोर मापाची पारदर्शक शीट आणा. लांबीच्या बाजूने ३ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक सेंटिमीटर एकमेकींवर चढवून जोडा. साधारण ५८ सेंटिमीटरची पट्टी मिळेल. एका टोकाला अर्धा पीळ, म्हणजे १८० अंश, देऊन टोकं जुळवा. पूर्ण पीळ दिलात तर गणपती जसा गेला तसाच परत येईल. डिंक प्लास्टिकवर धरत नाही; सेलोटेप लावा, तोही दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण रुंदीभर, नाहीतर सांध्यावर चित्र अडकतं.

आता उरलेल्या शीटचा अडीच सेंटिमीटरचा चौकोन कापून त्यावर निळ्या परमनंट मार्करने डाव्या सोंडेचा गणपती काढा. तसाच गणपती लाल रंगात पट्टीवर सांध्याजवळ काढा. निळा लालवर बरोबर बसवा आणि पट्टीला चिकटून, न उचलता, न फिरवता, सरकवत न्या. एका फेरीनंतर तो लाल गणपतीच्या मागच्या बाजूला येईल. पट्टीतून पाहिलंत तर डोकं खाली! इथे मुलं हमखास म्हणतात, ‘नुसता पालथा झाला.’ चौकोनाची कड धरून त्याच पातळीत अर्धा फेरा फिरवा, पाठ-पोट न बदलता. डोकं वर येईल आणि सोंड उजवीकडे.

एखादं चुणचुणीत पोर लगेच विचारेल, की चौकोन हाताने उलटला तरी हेच होतं, मग पट्टी कशाला? हा प्रश्न यायलाच हवा. सपाट चित्र आपण उलटू शकतो कारण आपल्या हाताशी तिसरी मिती आहे. भरीव मूर्ती तशी उलटायची तर चौथी मिती लागेल. नारळीकरांची गोष्ट याच जागेवर उभी आहे, म्हणून वाचन इथे थांबवून पट्टी काढा; आधीच दाखवलीत तर गोष्टीतलं नवल जातं.

वेळ उरला तर कागदी पट्टी मधोमध लांबीने कापू द्या. दोन तुकडे न होता एकच, दुप्पट लांबीचं कडं हातात येतं.

पहिली कथा त्यांनी टोपणनावाने का पाठवली? (मुलुंड)

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ गेली ती नारायण विनायक जगताप या नावाने. तेव्हा ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव जगभर झालेलं. परीक्षकांनी नाव न बघता कथा वाचावी, एवढंच त्यांना हवं होतं. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या नारळीकरांच्या कथेतली मुंबई पायी बघता येते का? (डोंबिवली)

येते, आणि जरूर बघा. सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडने, हुतात्मा चौकापर्यंत या. तिथून डावीकडे वीर नरिमन रस्त्याने हॉर्निमन सर्कल, समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल. रमतगमत अर्धा तास. पायऱ्यांवर बसून पानिपताचा भाग वाचा : १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? कथेतला आझाद मैदानावरचा शेवटाकडचा भाग मात्र त्याच मैदानासाठी राखून ठेवा. ते सीएसएमटीच्या अगदी जवळ आहे, परतीच्या लोकलआधी सहज होतं.