बॅटरीवरची गन घ्यायची, पण कुठली?

प्रश्न : घर मांद्र्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. घरात जुनी स्विफ्ट आणि एक अ‍ॅक्टिव्हा. चाकं काढून ब्रेक साफ करणं, शॉकअब्सॉर्बर बदलणं अशी कामं मी अंगणातच करतो. नट गंजून इतके जाम होतात की पान्यावर उभं राहावं लागतं. म्हणून बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घ्यायचं ठरवलं आहे. म्हापशाचा दुकानदार म्हणतो, हजार न्यूटन-मीटरची घ्या, पुन्हा बघायला नको. मुलाने ऑनलाइन ‘५८८ व्हीएफ’ लिहिलेली एक स्वस्तातली शोधली आहे. कुठली घेऊ?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दोन्ही नकोत. दुकानदाराने सांगितलेली गन चांगलीच असेल, पण ती ट्रकवाल्यासाठी आहे. मुलाने शोधलेली मात्र घेऊच नका.

आधी तुमच्या गाडीला किती जोर लागतो ते बघू. न्यूटन-मीटर हे नटाला पीळ देणाऱ्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, माप. स्विफ्टचे चाकाचे नट साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल, तोच खरा धरा. ब्रेक कॅलिपरच्या ब्रॅकेटचे आणि शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या बाजूचे बोल्ट त्याच्याच आगेमागे असतात. घरच्या कामात त्याहून जड एकच गोष्ट येते, पुढच्या अ‍ॅक्सलचा मोठा नट. तो दोनशेच्या आसपास जातो. मांद्र्याचा खारा वारा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस यांनी हे आकडे सोडवताना दुप्पट होतात असं धरलं, तरी तुमची गरज चारशेच्या घरात संपते.

गनच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे असतात. एक आवळण्याचा, दुसरा जाम नट सोडवण्याचा, आणि जाहिरातीत नेहमी मोठा असतो तो दुसरा. उदाहरण द्यायचं तर मकिताची डीटीडब्ल्यू ३०० ही १८ व्होल्टची गन आवळायला ३३० आणि सोडवायला ५८० न्यूटन-मीटर सांगते. तुम्हाला हवा तो हा मधला गट. बॉश, डीवॉल्ट यांच्याही गन्स या गटात आहेत. अमुकच कंपनी घ्या असं मी सांगणार नाही. तुमच्याकडे आधीच एखाद्या कंपनीचा बॅटरीवरचा ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी गन नुसती, बॅटरीशिवाय घ्या. किमतीतला मोठा वाटा बॅटरी आणि चार्जरचाच असतो. आणि दुरुस्तीसाठी ती म्हापशात किंवा पणजीत कुठे द्यायची हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

हजारवाली का नको? बॅटरीसकट ती तीन किलोच्या पुढे जाते. चाकाच्या कमानीत हात घालून शॉकअब्सॉर्बरचा बोल्ट सोडवताना तिचं डोकंच आत मावत नाही. आणि तेवढ्या जोराखाली गंजलेला नट सुटण्याऐवजी त्याच्या आतला स्टड, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेला बोल्ट, तुटतो. मग हबमधून स्टड ठोकून काढा, नवा बसवा, असं अर्ध्या दिवसाचं काम मागे लागतं.

आता ते ‘५८८ व्हीएफ’. वाचणाऱ्याला वाटतं, हे ५८८ व्होल्ट. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. असे पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणून काही कंपन्या त्याच बॅटरीवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापतात. १८ आणि २० यांत काही फरक नाही, दोन्हीत पाचच सेल. ५८८ व्होल्टला दीडशेच्या वर सेल ओळीने लावावे लागतील, ते हातात मावणाऱ्या बॅटरीत कुठून येणार? तो आकडा व्होल्टचा नाहीच. खोक्याच्या दर्शनी भागावरच जो खोटं बोलतो, त्याने आतल्या दातऱ्यांना आणि सेलना काय दर्जाचा माल वापरला असेल याचा भरवसा कोणी द्यायचा?

बॅटरी निवडताना अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात किती साठा मावतो ते, बघा. ४ किंवा ५ अँपिअर-अवरची घ्या. लहान २ ची बॅटरी लवकर संपते हा झाला एक भाग. दुसरा असा की तिच्यात बहुतेक वेळा पाचच सेल असतात आणि मोठीत दहा, दोन-दोनच्या जोडीने. जाम नटावर गन जोर लावते तेव्हा एकदम मोठा करंट ओढते. दहा सेल तो आरामात देतात, पाच सेल दमतात आणि गन हिरमुसते. लहान बॅटरी लावून ‘मशीनला ताकदच नाही’ म्हणणारे खूप भेटतात. मोटर ब्रशलेस घ्या. कार्बन ब्रश झिजण्याची भानगड नाही आणि त्याच बॅटरीवर काम जास्त होतं.

गनच्या तोंडाचा चौकोन अर्ध्या इंचाचाच हवा. चाकाच्या कामाचे सगळे सॉकेट त्याच मापाचे मिळतात. सॉकेट मात्र इम्पॅक्टचेच, काळे. घरातल्या पेटीतले चकचकीत क्रोमचे सॉकेट गनवर लावायचे नाहीत. ते कडक असतात, ठोके खाऊन तडकतात आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. काळे क्रोम-मॉलिब्डेनमचे, जाड भिंतीचे, ठोका सोसणारे. मारुतीच्या चाकाला १९ मिलिमीटरचा खोल सॉकेट लागतो, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना २१ चा. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. गंजलेल्या नटाचे कोपरे बारा कोनी सॉकेटमध्ये मारले जातात आणि एकदा नट गोल झाला की तो काढणं म्हणजे छिन्नी-हातोड्याचं काम. गाडीला अलॉय व्हील असतील तर पातळ भिंतीचा, बाहेरून प्लास्टिकची बाही असलेला इम्पॅक्ट सॉकेट मिळतो. तो घेतला की चाकावर ओरखडे येत नाहीत.

गन आत काय करते ते माहीत असलं की ती कशी वापरायची हे आपोआप कळतं. मोटर एका जड हातोड्याला फिरवते. नट अडला की तो हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर आपटतो. मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. प्रत्येक ठोका क्षणाचा, म्हणून नटाला झटका बसतो पण तुमच्या मनगटाला पीळ पडत नाही. गंज फुटतो तो या झटक्यांनीच. म्हणून गन नटावर सरळ आणि दाबून धरा. मध्ये लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट, अडॅप्टर घातले की ठोका त्यांच्यातच विरतो. कानही उघडे ठेवा. नट हलत नसतो तोवर ठोक्यांचा सूर एकसारखा असतो, हलला की बदलतो. आठ-दहा सेकंदांत सूर बदलला नाही तर थांबा. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा. हे मी बसल्या बसल्या लिहितो आहे असं समजू नका. मोरजी, हरमल, कांदोळीच्या गाड्या आमच्या फोंड्याच्या गॅरेजला येतात तेव्हा तेल मारून ठेवणं हे त्यांचं पहिलं काम असतं. मग बाकीचं बघायचं.

तुम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी एक अडचण येते. सगळे नट निघाले तरी चाक निघत नाही. ते हबला चिकटलेलं असतं. चाकाच्या मधल्या भोकाच्या कडेने हबवर गंजाचं तांबडं कडं चढतं आणि चाक तिथे अडकून बसतं. गनने ते सुटणार नाही. गाडी स्टँडवर पक्की असेल तर टायरच्या कडेला आतून रबरी हातोड्याने फिरवत फिरवत मारा. निघाल्यावर ते कडं तारेच्या ब्रशने लख्ख घासा आणि तिथे, फक्त हबच्या तोंडावर, अगदी पातळ ग्रीस लावा. स्टडच्या आट्यांना नाही. आट्यांना ग्रीस लागलं की तेवढ्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

आता माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. गन सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. नट हाताने तीन-चार आटे चढवा. मग हवं तर गन सगळ्यात हळू वेगावर ठेवून नुसता टेकवून घ्या. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराला पोचलं की कळवणारा पाना), तिरप्या क्रमाने, एक सोडून एक. तीनशेची गन चार सेकंद धरली तर शंभरचा नट कितीवर गेला हे कोणालाच कळत नाही. स्टड ताणले जातात, आटे जातात, आवळणी असमान झाली तर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागतं. आणि रात्री पावसात पंक्चर झालं की साध्या पान्याला ते नट दाद देत नाहीत. तेव्हा बजेट बेताचं असेल तर थोडी स्वस्त गन घ्या आणि उरलेल्या पैशांत साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा ‘टिक’ आवाज करणारा टॉर्क रेंच घ्या. काम झालं की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि माप चुकायला लागतं. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा तपासा.

स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, हेडचे बोल्ट, यांच्या जवळ गन नेऊच नका. अ‍ॅक्टिव्हाच्या व्हेरिएटरचा (बेल्टच्या पुढच्या पुलीचा) आणि क्लचचा नट सोडवायला मात्र ती फार सोयीची. हाताने काढताना पुली धरून ठेवायला वेगळा पाना लागतो, गनला बहुतेक वेळा नाही.

आणि गाडीखाली चिरा लावू नका. अंगणात चिरे पडलेले असतात, हाताशी असतात, म्हणून लोक सर्रास लावतात. जांभा सच्छिद्र दगड. भिंतीत त्याच्यावर वजन पसरून येतं, गाडीखाली ते एका टोकावर येतं आणि चिरा न सांगता फुटतो. जॅक स्टँडची जोडी घ्या, माती मऊ असेल तर खाली जाड फळी ठेवा आणि दुसऱ्या टोकाच्या चाकांना अटकाव लावा. गन चालवताना डोळ्यांवर चष्मा आणि कानात बोळे हवेतच. बंद शेडमध्ये तिचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो.

प्रश्न : गन आहे, पण पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करते. चार्जर इन्व्हर्टरवर लावला तर चालेल का? बॅटरी कारच्या डिकीत ठेवतो, ते बरोबर आहे का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर खुशाल लावा. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर टाळा, चार्जर तापतो. लाइट लपंडाव खेळत असेल त्या वेळी प्लग काढून ठेवलेला बरा.

डिकीतून बॅटरी आजच घरात आणा. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीच्या आत हात लावता येत नाही इतकं तापतं आणि लिथियम सेलचं आयुष्य उष्णतेनेच सर्वांत जास्त कमी होतं. महिनाभर वापर नसेल तर अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून नको. कामानंतर बॅटरी गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका. पावसाळ्यात गन पेटीत ठेवताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका.

प्रश्न : आम्ही चोर्ला घाटातून बेळगावला जात-येत असतो. मागच्या महिन्यात घाटात पंक्चर झालं. टायरवाल्याने हवेच्या गनने नट इतके आवळले होते की गाडीबरोबर आलेल्या पान्याने एकही सुटेना. माझं वय अठ्ठावन्न. गाडीत ठेवायला एखादी हलकी बॅटरीवरची गन सुचवाल का?
— एक वाचक भगिनी, वाळपई

उत्तर : ताई, घाटासाठी गन घेऊ नका. नेमक्या गरजेच्या वेळी तिची बॅटरी उतरलेली असते. तुम्हाला हवा आहे लांब दांडा. गाडीबरोबर येणारा पाना जेमतेम पाऊण फुटापेक्षा थोडा मोठा. त्याच्या टोकाला तुम्ही पन्नास किलोचा भार दिलात तर नटावर येतात सव्वाशे-दीडशे न्यूटन-मीटर. दोन फुटी ब्रेकर बारला तोच भार दिला की तीनशेच्या आसपास. ताकद तेवढीच, काम दुप्पट. असा बार आणि तुमच्या नटाच्या मापाचा एक खोल सॉकेट डिकीत कायमचा ठेवा. नट चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच ढिले करायचे, मग जॅक. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, उताराच्या बाजूच्या चाकाखाली दगड द्या. बार आडवा, डाव्या हाताला येईल असा लावा आणि टोकावर हळूहळू भार टाकून खाली दाबा. उडी मारायची नाही, सॉकेट निसटला तर तोल जातो.

पुढच्या वेळी टायरवाल्याकडे गेलात की गाडीजवळ उभ्या राहा आणि त्याला सांगा, गनने नुसतं टेकव, शेवटचं हाताने आवळ. तो नाही म्हणाला तर घरी येऊन सपाट जागी सगळे नट एकेक करून ढिले करा आणि टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या. एका वेळी एकच नट ढिला करायचा, म्हणजे जॅकही लागत नाही.