टाटामोबाइलचा गंजलेला हौदा: लांबी नंतर, आधी कापा

भाऊ, तुमच्या टाटामोबाइल पिकअपच्या हौद्याला आणि दरवाज्याखाली भोकं पडलीत, त्यावर एम-सील दाबून लांबी (म्हणजे पुट्टी) भरली तर चालेल का, असं विचारलंत. चालेल, फार तर एक पावसाळा. गंज मागच्या बाजूने खात येतो. समोर रुपयाएवढं भोक दिसतं तेव्हा आतला पत्रा त्याच्या कितीतरी पट सडलेला असतो. रंग फुगलाय तिथे स्क्रू-ड्रायव्हर ठोसून पाहा. आत गेला की तेवढा पत्रा मेला समजा.

आपल्या जळगावकडची हवा कोरडी, मग हौदा सडतो कसा? तुम्ही यावल-रावेरकडे केळीला पोटॅश वाहता म्हणालात, तिथेच उत्तर आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठासारखाच क्षार. गोणीतून सांडलेले दाणे मॅटखाली बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि पत्रा खात राहतात. म्हणून पहिलं काम ग्राइंडरचं नाही, पाण्याचं. मॅट काढा, हौदा कोपऱ्या-कोपऱ्यातून धुवा, उन्हात कडक वाळवा. क्षार राहिला तर वर कितीही महाग प्रायमर मारा, फुगणारच.

मग चकाकता पत्रा लागेपर्यंत कापा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. डिझेल टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवाच. ठिगळाला २० गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड, बिनमुलाम्याचा) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिमी; हौद्याच्या तळाला १८ गेज. घरात पडलाय म्हणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरू नका. वेल्डिंगला जस्त जळतं आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

गेट-ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग रॉडने जोडून घेऊ नका भो, एवढ्या पातळ पत्र्याला रॉड भोकच पाडतो. सीओटू मशीनवाला (तारेने वेल्डिंग करणारा) डेंटर गाठा, तार ०.८ मिमीची. एक टाका इकडे, दुसरा लांब तिकडे, मधे पत्रा निवू द्यायचा. सलग रेघ ओढली की पत्रा पापडासारखा वाकडा होतो, मग तो सरळ करण्यात दिवस जातो.

टाके घासले की दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर. मागची बाजू कुणी बघत नाही, पण गंज तिथूनच येतो. प्रायमरवर लांबी, तीही २-३ मिमीच्या आत. लांबीत हार्डनर (घट्ट करणारी पेस्ट) साधारण २ टक्के. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा मात्र लांबी पत्तीवरच घट्ट होते. हे काम दिवाळीनंतर काढा. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासा, आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० च्या. तोंडाला मास्क हवाच. पाणी लावून घासायचा पेपर लांबीवरच्या प्रायमरवर. रंग सकाळी मारा, दुपारी वारा सुटतो.

दरवाज्याच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं लांबीने बुजवू नका, डेंटर हमखास बुजवतात. आणि चेसिसलाही गंजाची भोकं असतील तर तिथे घरचं ठिगळ चालणार नाही. आधी फोटो दाखवा, मग बोलू.