परड्यातील वेलांना फुले येतात, पण फळ धरत नाही

प्रश्न (करवीर तालुका): घरामागच्या परड्यात माघ महिन्यात दुधी, दोडका आणि काकडीच्या बिया टोकल्या. वेल मांडवावर चढले असून फुलेही पुष्कळ येतात. परंतु फळ धरत नाही, धरलेच तर बोटभर होऊन पिवळे पडते. शेणखताबरोबर युरियाही दोनदा दिला आहे. आंबा आणि पेरूची कलमे आताच लावावीत का?

उत्तर: या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलेच असतात, त्यामुळे ती गळणे हा रोग नव्हे. पाकळ्यांच्या मागे इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. युरिया आता थांबवावा; जादा नत्राने वेल माजतो आणि मादी फुले कमी येतात.

मादी फुले असूनही फळे पिवळी पडत असतील, तर एक फळ चिरून पाहावे. आत अळ्या असल्यास ती फळमाशी होय. अशी फळे रोज वेचून खोल पुरावीत, उकिरड्यावर टाकू नयेत, आणि मांडवाला क्यू ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा) सापळा टांगावा. अळ्या नसतील, तर बहुधा परागीकरण झालेले नाही. तेव्हा ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. मात्र यात वेळेची चूक हमखास होते: काकडीचे फूल सकाळी उमलते, तर दुधी आणि दोडक्याचे दिवस कलल्यावर, मधमाश्यांची वर्दळ ओसरलेली असताना. सकाळी दोडक्यावर केलेली मेहनत वाया जाते.

आपल्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते आणि तरीही पुष्कळजण ते पेटवून देतात, याचे वाईट वाटते. चार बोटे जाडीचा थर वेलांच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडा दूर, पसरावा. काळ्या जमिनीला भेगा पडत नाहीत आणि पाण्याची पाळी लांबते. वाळवी दिसल्यास थर बाजूला करावा.

आंबा आणि पेरूची कलमे आता लावू नयेत, कारण चैत्र-वैशाखाच्या उन्हात कोवळी मुळे तग धरत नाहीत. आंब्यासाठी एक मीटर, पेरूसाठी साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असे खड्डे मात्र आताच काढून तापू द्यावेत, पावसाआधी माती व कुजलेल्या शेणखताने भरावेत आणि जून-जुलैमध्ये लागवड करावी. पाण्याची खात्री असल्यास पपईची रोपे आताही लावता येतील, फक्त बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.