बुधवारीच मोडणारं टाचण

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते तिसरीचा नली-कलीचा, म्हणजे कृतीतून आनंदाने शिकण्याचा एकत्र वर्ग सरांकडे, चौथी-पाचवी एकत्र बाईंकडे. बाईंची तक्रार टाचणाची, म्हणजे आठवड्याच्या पाठनियोजनाची: "रविवारी तीन तास बसून टाचण काढते, बुधवारी ते मोडतं. मग रात्री झोप नाही. मलाच जमत नाही का?"

ही तक्रार बहुशिक्षकी शाळेतूनही येते, पण इथलं कारण टाचणवहीतच होतं. एकाच तासाला चौथीच्या गणिताला 40 मिनिटं आणि पाचवीच्या परिसर अभ्यासालाही 40. दोन बाईंचं काम एकीच्या नावावर!

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त घड्याळ बघून लिहायचं, एवढंच ठरलं. हजेरी, दूध, बिसीऊट (शाळेतलं दुपारचं गरम जेवण), फोनवर तातडीने मागितलेली माहिती वजा जाता 40 मिनिटांच्या तासात शिकवायला जेमतेम 27 उरत होती. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास सांगतो, म्हणजे दिवसाला सरासरी 4 घड्याळी तास. बाई तशा सहा तासांचं टाचण लिहीत होत्या.

मग तास असा फोडला: 5 मिनिटं दोन्ही वर्ग मिळून, 15 मिनिटं चौथीला शिकवणं आणि पाचवीला लेखी काम, पुढची 15 उलट, शेवटची 5 वह्या बघायला. दोनच दिवसांत हेही फसलं. पाचवीचं लेखी काम सहाव्या मिनिटाला संपायचं, "झालं बाई!" म्हणत चौघं टेबलाशी, आणि चौथीचा भागाकार अर्धवट. म्हणून लेखी काम दोन टप्प्यांचं केलं. सगळ्यांनी करायचं ते फळ्यावर, परिपाठाआधीच लिहिलेलं. लवकर उरकणाऱ्यांसाठी डब्यात चिठ्ठ्या: एक शाब्दिक उदाहरण, नाहीतर पाच कन्नड शब्दांची वाक्यं. टेबलाशी यायचं नाही, डब्याशी जायचं. मुलांना हे वळण लागायला दोन आठवडे गेले. त्याआधी टाचण बदलायची घाई करू नये.

आठवड्यात नवीन घटक फक्त सोमवार ते गुरुवार. शुक्रवार राहिलेल्या कामाला, शनिवारची अर्धी शाळा उजळणी आणि कवायतीला. गणित बिसीऊटच्या आधी, नंतर मुलं पेंगतात. घरी मराठीच कानावर पडणाऱ्या मुलांना कन्नड आठवड्यात दोन लांब तासांपेक्षा रोज 20 मिनिटं बरं, कारण दोन दिवसांच्या खंडात अक्षरं पुसट होतात. जुलैत पावसाची सुट्टी पडणारच, त्या महिन्याला एक घटक कमीच धरायचा.

राहिली तपासणीची धास्ती. झालं नाही ते खोडायचं नाही. शेजारी लाल शाईने कारण आणि नवी तारीख: "पाऊस, हजेरी 9, शुक्रवारी घेणार." तपासायला येणाऱ्याला कोऱ्या जागेपेक्षा हे पटतं.

पाचव्या आठवड्याच्या वहीत शुक्रवारी दोन घटक राहिले होते. एक बाईंनी घेतला. दुसऱ्यापुढे सोमवारची तारीख टाकून वही मिटली. रविवारी टाचणाला पाऊण तास लागला.