गावात माझ्यासह तिघांचे वायरलेस नेटचे टॉवर आहेत. ग्राहकांचा सिग्नल चांगला (-५८), दुपारी नेट नीट चालतं, तरी संध्याकाळी व्हिडिओ अडकतो. पॉवर वाढवू का?

पॉवर वाढवू नका. तुम्ही वाढवली की बाकीचे दोघंही वाढवतील आणि तिघांचंही नेट बसेल. मी आर्वी तालुक्यात खेड्यांना वायरलेस नेट देतो. पाण्याच्या एकाच टाकीच्या कठड्याला तिघांचे सेक्टर (गावाच्या एका भागाला सिग्नल देणारे अँटेना) बांधलेले असणं आमच्याकडे नेहमीचंच आहे.

तुम्ही सिग्नल -५८ लिहिलाय, दुपारी नेट नीट चालतं म्हणता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, म्हणजे सिग्नलची अडचण नाहीच. (टाकी ते डिश ही सरळ रेषा सागाच्या झाडांतून जात असेल तर आजार वेगळा. उन्हाळ्यात पानं झडलेली असतात म्हणून लिंक चालते, आषाढात ओली पानं दाटली की सिग्नलच पडतो. तिथं डिशचा पाइप उंच करण्यावाचून इलाज नाही.)

आधी रात्री आठला बेसवर (टाकीवरच्या तुमच्या रेडिओवर) नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट, बघा. दुपारी -९५ असलेला नॉइज तेव्हा -८० वर आला असेल, तर शेजाऱ्याचा रेडिओ तुमच्या चॅनेलमध्ये बोलतोय. कोण कुठल्या चॅनेलवर आहे हे शोधायचं स्कॅन मात्र जादा रेडिओवरून करा, कारण बऱ्याच रेडिओंवर स्कॅन सुरू असेपर्यंत ग्राहक तुटलेले राहतात.

आता तुमच्या स्वतःच्या ग्राहकांचं. वायफायचा नियम असा की आधी ऐकायचं, हवा मोकळी असेल तरच बोलायचं. पण गावाच्या दोन टोकांच्या घरांवरच्या डिश टाकीकडे तोंड करून असतात, त्यांना एकमेकींचं ऐकूच येत नाही. दोघी एकदम बोलतात आणि टाकीवर सगळा गोंधळ होतो. पॉवर वाढवून हा गोंधळ मिटत नाही. त्यासाठी बेसवर टीडीएमए (पाळीपाळीनं बोलायची पद्धत) चालू करा. मायक्रोटिक कंपनीच्या रेडिओत तिचं नाव एनव्ही२, युबिक्विटीच्या रेडिओत एअरमॅक्स. कालव्याच्या पाणीपाळीसारखं बेस प्रत्येक डिशला तिची वेळ ठरवून देतो. फक्त ही पाळी तुमच्याच डिशपुरती, शेजाऱ्याच्या रेडिओला ती कळत नाही.

म्हणून तिघांनी एकत्र बसून चॅनेल वाटून घ्या. माझ्या मते खरं काम हेच आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं. २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुलं आहे. विनापरवाना म्हणजे पॉवरची मर्यादा पाळायची, आणि कुणी त्रास दिला तर संरक्षणही नाही. बहुतेक जण ५७२५ ते ५८७५ मध्येच गर्दी करतात. तिथं ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा एकच चॅनेल धड बसतो, २० चे मात्र सात बसतात. रुंदी अर्धी केली की नॉइजही ३ डीबीनं, म्हणजे निम्म्यावर, उतरतो. ग्राहकाला १० एमबीपीएस द्यायचं असेल तर ८० ची रुंदी कशाला हवी? ५४७० ते ५७२५ सुद्धा वापरा. तिथं रडार दिसलं तर रेडिओला चॅनेल सोडावा लागतो, सुरू होण्याआधी निदान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं, पण गर्दी कमी असते.

ग्राहकांची यादीही सिग्नलनुसार लावून बघा. शेतातल्या घरावरचा एखादा -८२ वर असतो, ६ एमबीपीएसनं चालतो. तोच व्हिडिओ त्यानं पाहिला की ६० एमबीपीएसवाल्याच्या दहापट हवा (रेडिओचा वेळ) खर्च होते आणि त्या सेक्टरवरची सगळी घरं ताटकळतात. त्याला तोडू नका. त्याच्या पोराचा अभ्यासही याच नेटवर चालतो. मोठी डिश द्या, पाइप वाढवा, डिशचं तोंड नीट फिरवा. वाऱ्या-वावटळीनं डिश जराशी सरकलेली असते, तेवढंच पुष्कळदा कारण निघतं.

हे सगळं झाल्यावरही आठला पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) चढत असेल, तर बहुधा हवा साफ आहे आणि तुम्ही मागून घेतलेली मुख्य इंटरनेट लाइनच भरतेय. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल क्यू (सगळ्यांना सारखी पाळी देणारी रांग) लावा, आणि मर्यादा लाइनच्या ९०-९५ टक्क्यांवर ठेवा. म्हणजे रांग तुमच्या राउटरवर लागेल, आणि एकाचं डाउनलोड सुरू असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटणार नाही. तरीही भागलं नाही तर लाइनच वाढवून घ्यावी लागेल.